जुना ट्रॅक्टर घरी आणल्यावर पहिली देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं ३० ते ५० एचपीच्या साध्या डिझेल ट्रॅक्टरांसाठी आहेत. महिंद्रा, स्वराज, मॅसी, सोनालिका, आयशर कोणताही असो, कामाचा क्रम फारसा बदलत नाही. लिटर आणि मिलिमीटरचे आकडे मात्र मॉडेलप्रमाणे बदलतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्या मॉडेलचं माहितीपुस्तक डीलरकडून मिळवा. इथे दिलेल्या आकड्यात आणि पुस्तकातल्या आकड्यात फरक दिसला, तर पुस्तक खरं माना.

ट्रॅक्टर अर्ध्या सेल्फला सुरू होतो, आवाजही चांगला आहे. लगेच रोटाव्हेटर जोडला तर काय बिघडेल?

कदाचित काहीच नाही. पण आत कोणतं तेल आहे, ते किती तासांपूर्वी भरलं, फिल्टर कधी बदलला, हे तुम्हाला माहीत नाही. विकणाऱ्याचं "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" हे वाक्य बिलाशिवाय धरू नका. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरवर शेवटचा खर्च बहुधा रंगाचा आणि सीटकव्हरचा असतो, गिअरबॉक्सच्या चाळीस लिटर तेलाचा नसतो. सगळी तेलं, सगळे फिल्टर आणि कूलंट एकदम बदलून तासांच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहा. पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यापासून चालतो.

सुरुवात नेमकी कशापासून करायची?

धुण्यापासून. चिखल, ग्रीस आणि तेलकट धुळीच्या थराखाली गळती दिसत नाही. डिझेलने घासून, साध्या पाण्याच्या धारेने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग अर्धा तास चालवून सपाट फरशीवर किंवा जुन्या पुठ्ठ्यावर रात्रभर उभा करा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे, कोणत्या रंगाचा डाग पडला यावरून अर्धी कामाची यादी तयार होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून, म्हणजे क्लच हाउसिंगच्या भोकातून तेल टपकत असेल तर ते मोठं काम आहे, कारण ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. तिथलं तेल क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो, म्हणून हे पुढच्या हंगामावर ढकलू नका.

प्रेशर वॉशर असेल तर डायनामो, सेल्फ, ॲक्सलची सीलं आणि गिअर लिव्हरचं रबर यांवर धार मारू नका.

इंजिन ऑइल कोणतं, किती आणि कसं बदलायचं?

बहुतेक ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल चालतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात साधारण ६ ते ८ लिटर बसतं, पण भरायचं ते डिपस्टिक बघून. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा आणि मग खालचा नट काढा. थंड तेल काढलं तर गाळ तळाशीच राहतो. नटाचा तांब्याचा वॉशर नवा घाला. फिल्टर स्क्रू करून बसणारा असेल तर त्याच्या रबराला बोटाने तेल लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या. पाना लावून आवळू नका, पुढच्या वेळी निघणार नाही.

भरून झालं की स्टॉपची दोरी ओढून धरा आणि दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा वर आला की मगच दोरी सोडा. जुन्या ट्रॅक्टरात पहिलं नवं ऑइल आतला जुना काळा थर सुटा करतं, म्हणून ते पूर्ण २५० तास ठेवू नये. ५० तासांनी पुन्हा एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. नंतर पुस्तकाप्रमाणे.

काढलेलं जुनं ऑइल फेकण्याआधी काय बघायचं?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. इंजिन न उघडता आतली स्थिती कळण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. ऑइल स्वच्छ पसरट घमेल्यात काढा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी हळूच दुसऱ्या डब्यात ओता.

तळाशी पाण्याचे थेंब किंवा दुधी गाळ दिसला तर रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरतंय. कारणं तीन: हेड गॅस्केट, चिरलेलं हेड, किंवा स्लीव्हच्या (ज्यात पिस्टन चालतो त्या नळीच्या) तळाचे रबरी रिंग. असा ट्रॅक्टर कामाला लावायचा नाही, कारण पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगला वाचवत नाही. ऑइल पातळ, डिझेलचा वास आणि डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली, असं असेल तर डिझेल पंपाचं किंवा फीड पंपाचं (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचं) सील गेलेलं असतं. पंपवाल्याकडे न्या.

घमेल्याच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. बारीक काळी पूड चिकटली तर ती नेहमीची झीज. चिकटलेले कण बोटाला टोचत असतील तर मिस्त्रीला दाखवा. चुंबकाला न चिकटणारी तांबूस-पिवळी चमक म्हणजे क्रँकच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडला. त्याच्यासोबत ऑइलचा दाबही कमी असेल, तर बेअरिंग बदलण्याचा खर्च आत्ताच करा. पुढे क्रँक धरला की तोच खर्च कितीतरी पटीने वाढतो. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्यांतही हेच शोधा.

आणि हे तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. गॅरेजवाले जुनं तेल विकत घेतात.

एअर क्लीनरला इतकं महत्त्व का?

कारण इंजिन कामाने जितकं झिजत नाही तितकं धुळीने झिजतं. उन्हाळ्यातली रोटाव्हेटरची धूळ आणि सोयाबीन मळणीचा भुस्सा ही दोन कामं सगळ्यात वाईट.

आधी क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (इंजिनात हवा जाते त्या तोंडापर्यंतचा) रबरी पाइप काढा आणि आतून पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर मातीचा थर आला तर धूळ थेट इंजिनात जात होती, म्हणजे रिंगा आणि स्लीव्ह झिजल्या असणार असं धरून चाला. पाइपला चीर असेल तर एम-सील लावून भागवू नका, पाइप आणि दोन्ही क्लिपा नव्या घाला.

तेलाच्या वाटीचा क्लीनर असेल तर वाटी सोडवा, चिखल काढा, जाळी डिझेलमध्ये धुऊन निथळू द्या आणि वाटीवरच्या खुणेपर्यंतच नवं इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं. जास्त ओढलं तर स्टॉप ओढूनही इंजिन थांबत नाही, फेरे वाढतच जातात. धुळीच्या कामात वाटी रोज बघा.

कागदी फिल्टर असेल तर बाहेरचा हलक्या हवेने, आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत झटका. भिंतीवर आपटू नका, घड्या फाटतात. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बाहेरच्या फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी फिल्टर टाकून द्या.

रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी आहे. चालेल का?

चालवतात सगळे, पण नका चालवू. बोअरच्या पाण्यातला क्षार स्लीव्हच्या बाहेरच्या अंगाला आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग पाणी भरलेलं असूनही इंजिन तापतं. थंड इंजिनावर खालचा कॉक उघडा. गंजाचं तपकिरी पाणी आलं तर साधं पाणी भरून, दहा मिनिटं चालवून, थंड करून पुन्हा सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटी तयार मिश्रणाचं कूलंट, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. होज दाबून बघा. कडक झालेला किंवा फुगलेला होज मळणीच्या दिवशीच फुटतो.

दोन गोष्टी हमखास सापडतात. रेडिएटरचं झाकण सैल किंवा भलत्याच गाडीचं असतं, आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकलेला असतो. "काढला की तापत नाही" हा समज पसरलेला आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेतं, डिझेल नीट जळत नाही, स्लीव्ह लवकर झिजते. तापण्याचं खरं कारण बहुधा बाहेर असतं: जाळीत अडकलेला भुस्सा किंवा ढिला फॅनबेल्ट. जाळी पंख्याच्या बाजूने पुढे अशी हवा मारून साफ करा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १५ मि.मी. दबला पाहिजे.

डिझेल फिल्टर बदलले आणि आता ट्रॅक्टर सुरूच होत नाही.

एअर घेतलीय. लाइनमधली हवा काढावी लागेल. टाकीत निम्म्याहून जास्त डिझेल असू द्या आणि कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप मारतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू, याच क्रमाने. तरी सुरू झाला नाही तर नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडच्या) पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की आवळा. नटाजवळ हात धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

ही रीत जुन्या पद्धतीच्या पंपासाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासून कॉमन रेल इंजिनं (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून फार जास्त दाबाचं डिझेल देणारी) वाढली आहेत. त्यांचे नोझलचे पाइप कधीही सैल करू नका.

दोन दिवसांनी पुन्हा एअर घेत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग तपासा. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून डाग दिसत नाही. बहुतेक वेळा दोष पुन्हा वापरलेल्या जुन्या वॉशरचा असतो. टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणीही याच वेळी सोडून द्या.

गिअरबॉक्सचं तेल दुधासारखं पांढरट आहे.

पाणी गेलंय. कोकणात, मावळात आणि भंडारा-गोंदियाकडे चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरात हे नेहमी दिसतं. मागच्या ॲक्सलच्या सीलातून, गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून किंवा हवेच्या भोकातून पाणी शिरतं. आधी ते थांबवा, नाहीतर नवं तेलही महिन्याभरात दूध होईल.

ट्रॅक्टर दोन दिवस न हलवता उभा ठेवा आणि खालचा नट अगदी थोडा सैल करा. न मिसळलेलं पाणी आधी बाहेर येतं. मग ट्रॅक्टर चालवून तेल गरम करा आणि सगळं काढा. हायड्रॉलिकची जाळी डिझेलमध्ये धुवा, फिल्टर नवा घाला. बऱ्याच मॉडेलांत गिअरबॉक्स, मागचा भाग आणि लिफ्ट यांना एकच तेल असतं, ३० ते ५० लिटर. काहींत वेगवेगळं. पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच घ्या. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात साधं गिअर ऑइल ओतलं तर ब्रेक किंचाळतात आणि घसरतात.

क्लच आणि ब्रेक घरी सेट करता येतात का?

येतात. क्लच पेडल हाताने दाबा. जड लागण्याआधी साधारण २० ते ३० मि.मी. मोकळं गेलं पाहिजे. मोकळीक शून्य असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत फिरतं आणि प्लेट घसरते. फार असेल तर गिअर करकरतात. रॉडचा चेकनट सोडून जुळवा. पेडलवर पाय ठेवून चालवणारा ड्रायव्हर असेल तर आधी त्याचा पाय जुळवा.

ब्रेकच्या दोन्ही पेडलांची मोकळीक सारखी हवी. मोकळ्या शेतात दोन्ही पेडलं पट्टीने जोडून, बेताच्या वेगाने ब्रेक दाबा आणि मातीवरचे ओरखडे बघा. एका बाजूचा लांब, दुसऱ्या बाजूचा आखूड असेल तर ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर आडवा होईल. रस्त्यावर ती जोडपट्टी लावलेलीच असली पाहिजे.

पुढची चाकं थरथरतात.

पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचा) बुश. डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडचे बॉल. बेअरिंग धुऊन, ग्रीस दाबून भरा, नट चाक जड फिरेपर्यंत आवळा, मग एक खाच मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. ॲक्सलच्या मधल्या पिनचा बुश सगळे विसरतात, तोही बघा. शेवटी टो-इन: दोन्ही चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे काही मिलिमीटर कमी हवं.

ग्रीसचे सगळे निपल शोधून काढा. रंगाखाली दोन-तीन हमखास दडलेले असतात. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारा. निपल ग्रीस घेत नसेल तर काढून बदला, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे.

टायरमध्ये हवा किती, आणि पाणी भरायचं का?

शेतात मागे १२ ते १४ पीएसआय पुरे. ऊसवाहतुकीला किंवा ट्रॉलीला १८ ते २०. पुढच्या ६.००-१६ टायरला ३० च्या आसपास. मागे कडक हवा ठेवली तर टायर घसरतो आणि डिझेल जातं. नांगरटीत चाक फिरत असेल तर पाणी भरा: वॉल्व्ह वरच्या बाजूला आणून तीन-चतुर्थांश. १३.६-२८ टायरला दोनशे लिटरच्या आसपास लागतं. पेरणी, कोळपणी आणि ओल्या रानात हेच वजन जमीन दाबतं, तेव्हा काढून टाका. जुन्या मालकाने पाणी भरलंय का हे विचारा. रिमला आतून गंज लागलेला असू शकतो.

चाकांचे नट समोरासमोर आवळा आणि दहा तासांनी पुन्हा तपासा.

ट्रॅक्टर चावीने सुरू होत नाही, विकणाऱ्याने स्क्रू ड्रायव्हरने "डायरेक्ट" करून दाखवला.

तसा एक दिवसही वापरू नका. खाली उभं राहून डायरेक्ट करताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचं चाक अंगावरून जातं, माणसं अशीच मरतात. न्यूट्रल किंवा क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून जो स्विच असतो तो बऱ्याचदा वायर जोडून बाद केलेला सापडतो. तो पुन्हा चालू करा. मग बॅटरी बघा. उभ्या ट्रॅक्टरात १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. चालू असतानाही १२.५ च असेल तर डायनामो चार्ज करत नाही. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. इंजिन ते चेसिसची अर्थची पट्टी घासून पुन्हा बसवा, निम्मे "सेल्फ गेला"चे दोष तिथेच संपतात.

पीटीओ शाफ्ट जुनाच वापरू का?

पीटीओ शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा. आधी त्याला कव्हर आहे का ते बघा. नसेल तर नवं घ्या, मगच जोडा. मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरणारा उघडा शाफ्ट साडीचा पदर किंवा गमछा ओढतो तेव्हा बंद करायला वेळच मिळत नाही.

लांबी तपासताना अवजार लिफ्टने वर-खाली करा. सगळ्यात लांब स्थितीत नळी नळीत किमान एक तृतीयांश राहिली पाहिजे. सगळ्यात आखूड स्थितीत दोन-तीन सें.मी. जागा उरली पाहिजे, नाहीतर शाफ्ट पीटीओचं बेअरिंग आत ढकलतो. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. चुकीच्या दात्यात बसवला तर रोटाव्हेटर थरथरतो आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. बांधावर वळताना पीटीओ बंद करून मग उचला.

लिफ्ट हिसके देते किंवा अवजार खाली बसतं.

हिसके: तेल कमी, जाळी बंद किंवा पंप हवा ओढतोय. वर साफ केलेल्या जाळीनेच बहुधा काम होतं. इंजिन बंद केल्यावर अवजार पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकलं तर पिस्टनचा ओ-रिंग किंवा वॉल्व्ह. खाली लाकूड न देता उचललेल्या अवजाराखाली शिरू नका.

अवजार जोडायच्या पिनाही मोजा, त्यांच्या मापाला कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकची खालची पिन २२ मि.मी., टॉपलिंकची १९. कॅटेगरी दोनची २८ आणि २५. मोठ्या बॉलमध्ये बारीक पिन घालून चालवलेल्या ट्रॅक्टरात बॉलची भोकं अंडाकृती होतात.

मीटरवर १२०० तास दिसतात. विश्वास ठेवू?

केबल तुटलेलं मीटर थांबतं, आणि मीटर बदलताही येतं. पेडलचं रबर, पीटीओचे दाते, ड्रॉबारचं भोक, स्टीअरिंगची झिलई हे बघा. भोक लंबगोल झालं असेल तर ट्रॅक्टर वर्षानुवर्षं ट्रॉलीला होता.

धुरावरून काय कळतं?

भार देताना क्षणभर काळा धूर ठीक. सतत काळा असेल तर एअर क्लीनर, नोझल, किंवा ताकद दाखवायला कोणीतरी वाढवून ठेवलेला पंप. पंपाच्या सेटिंगवरचं सील तुटलंय का ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर गॅस्केट.

"इंजिनचं नुकतंच काम केलंय" असं सांगितलं तर?

सुट्या भागांचं बिल मागा. काम खरं असेल तर पहिले ५० तास पूर्ण भार नको, पण तासन्तास नुसता सुरूही ठेवू नका, नव्या रिंगा मंद फेऱ्यांवर बसत नाहीत. हलकी कोळपणी, रिकामी ट्रॉली ठीक. ५० तासांनी ऑइल-फिल्टर बदला आणि टॅपेट (वॉल्व्हची मोकळीक) पुन्हा तपासून घ्या.

कागदपत्रांचं काय?

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, तो विचारायचा राहून जातो.